निघताना थोडं काकडायचं

बर्फातल्या पहिल्या ट्रेकहून परत आल्यावर मी एक प्रयोग केला. माझा सगळा भरवसा ज्याच्यावर होता ते नवं डाऊन जॅकेट, म्हणजे आत पक्ष्यांची मऊ पिसं भरलेलं, रात्री घराबाहेर, आडोशाला घडी घालून ठेवलं. घडीच्या पोटात एक थर्मामीटर आणि दुसरा बाहेर, त्याच्या शेजारी. पहाटे जाऊन पाहिलं तर दोन्हींवरचा आकडा एकच. इतक्या जाड जॅकेटच्या पोटात रात्र काढूनही आतला थर्मामीटर बाहेरच्याइतकाच गार होता.

शाळेत हे सगळं शिकले होते. पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि पहाटेच्या गारठ्यात ते दोन थर्मामीटर दोन हातांत धरून बघणं वेगळं. ऊब जॅकेटची नव्हतीच कधी. ती माझ्या अंगाची. मी जेवते, चालते, रक्त फिरतं, त्यातून ती तयार होते. जॅकेट ती धरून ठेवतं. स्लीपिंग बॅग, लोकरीची टोपी, जाड बूट, सगळ्यांचं काम तेवढंच. हिवाळी ट्रेकला पहिल्यांदा निघणाऱ्या कुणालाही सामानाबद्दल काही सांगायचं झालं तर मी इथून सुरुवात करते, कारण मला हे उशिरा कळलं, आणि कळलं तेही वाईट पद्धतीने.

त्या ट्रेकला निघताना अंगात सुती बनियन, त्यावर जाड स्वेटर आणि वर हेच जॅकेट. पहाटे तंबूबाहेर उभं राहिलं की थंडी बोचते, म्हणून होतं नव्हतं ते सगळं चढवलं होतं. आमच्याबरोबर एक ताई होत्या. त्यांचे कितीतरी हिवाळे बर्फात गेलेत. त्यांच्या अंगात दोनच पातळ कपडे होते. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, एवढं घालून चढणार? काढ ते वरचं. निघताना जरा काकडतच निघायचं असतं." मी म्हटलं, "राहू द्या ताई, मला थंडी अजिबात सोसत नाही."

तासभर चढलो. घाम येत होता, पण थंडीत घाम येतोय म्हणजे अंग चांगलं तापलंय, अशी माझी समजूत. खिंडीत पोचल्यावर पाणी प्यायला थांबलो. सॅक उतरवली आणि पाठ एकदम गार पडली, जणू कुणी ओलं फडकं चिकटवलं. वारा होता. पाच-सात मिनिटांत दात वाजायला लागले. सॅकमध्ये खाऊचा डबा होता, तो काढायला गेले तर बक्कल उघडेना. बोटं बक्कलवर होती, मी दाबतही होते, पण दाब लागत नव्हता. बोटं कुणा दुसऱ्याचीच असावीत तशी.

ताईंनी काही न विचारता मला एका मोठ्या खडकाच्या आडोशाला नेलं, जॅकेट-स्वेटर उतरवायला लावलं, ओलं बनियन काढलं आणि स्वतःच्या सॅकमधला कोरडा लोकरीचा बनियन अंगात घातला. वरून परत जॅकेट. मग म्हणाल्या, "तुझं पूर्ण नाव सांग. पत्ता सांग. सावकाश, पण नीट सांग." मला वाटलं मन रमवतायत. नंतर कळलं, त्या माझी जीभ तपासत होत्या. शरीराचं आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्याची पहिली लक्षणं अगदी घरगुती दिसतात: बोलणं जड होतं, हातातून वस्तू निसटतात, पाय अडखळतो, माणूस उगाच चिडतो. ज्याला होतं त्याला ते कळत नाही, शेजारच्याला कळतं. म्हणून नवख्याने एकट्याने जाऊ नये, हे मी अगदी कळकळीने सांगते. सोबतीचा माणूस हा सामानाच्या यादीत पहिला.

त्या दिवशी थंडीने मला गाठलं ते माझ्याच घामातून. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते. पाठीवर ओझं घेऊन चढायला लागलं की हाच आकडा चार-पाच पट होतो. म्हणजे चढताना प्रश्न असतो जास्तीची ऊब बाहेर टाकण्याचा, आणि थांबल्यावर त्याच अंगाचा प्रश्न असतो उरलेली ऊब राखण्याचा. एका जाड जॅकेटला ही दोन्ही कामं जमत नाहीत. चढताना मी ती ऊब कोंडली, तिचा घाम झाला, तो बनियनने प्यायला. कापूस पाणी धरून ठेवतो आणि लवकर सोडत नाही. हवेच्या तुलनेत पाणी सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. थांबल्याबरोबर माझ्या अंगाची भट्टी मंदावली, आणि ओलं बनियन मात्र तितक्याच वेगाने ऊब पीत राहिलं.

त्यामुळे कपड्यांचे थर हा शब्द आता माझ्या कानाला वेगळा ऐकू येतो. जितके थर जास्त तितकी ऊब जास्त, असा हिशेब मी करायचे. थर असतात ते काढता-घालता यावेत म्हणून. अंगालगतचा थर पातळ लोकरीचा किंवा सिंथेटिक, सुती कधीच नाही. लोकरीची गंमत अशी की ती आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश वाफ तंतूंच्या आत मुरवून घेते आणि तरी अंगाला ओली लागत नाही. त्यावर फ्लीससारखा, म्हणजे मऊ लवदार कापडाचा, हवा खेळती ठेवणारा मधला थर, चालताना बहुतेक वेळा एवढंच पुरतं. वारा किंवा बर्फ सुरू झाला तर बाहेरून वारारोधक जॅकेट, काखेत चेन असलेलं मिळालं तर उत्तम. आणि फुगलेलं डाऊन जॅकेट सॅकच्या अगदी वरच्या तोंडाशी. ते चालताना घालायचं नसतं. थांबलं की लगेच, गार पडायची वाट न बघता, सगळ्यांच्या वरून चढवायचं, म्हणून ते एक माप मोठंच घ्यावं. चढ सुरू झाल्यावर दहा मिनिटांनी एक थांबा ठरवूनच ठेवावा, एक थर कमी करायला. "कोण थांबणार आता" म्हणून तो टाळला की पुढचं सगळं माझ्यासारखं होतं.

डाऊनची गोष्ट मला फार आवडते. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच हा गिर्यारोहक स्वतः करवून घेतलेला एक कोट घेऊन गेला होता. उष्ण हवेच्या फुग्याचं कापड, आणि आत आयडर बदकाची मऊ पिसं. बाकीच्यांकडे लोकर, रेशीम आणि गॅबर्डिन. सुरुवातीला त्या फुगीर कोटाची थट्टा झाली म्हणतात. फिंच पेशाने रसायनशास्त्राचा माणूस. त्या मोहिमेत तो ऑक्सिजन वापरून सुमारे ८,३०० मीटरपर्यंत गेला. त्याला नेमकं काय उमगलं होतं? की ऊब राखते ती पिसांमध्ये अडकलेली, हलू न शकणारी हवा. पिसं हा त्या हवेचा पिंजरा. म्हणून डाऊन ओलं झालं की उपयोग संपतो: पिसं एकमेकांना चिकटून गोळे होतात, हवेला जागाच उरत नाही. जिथे पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं ओलं हवामान असतं, तिथे नवख्याने सिंथेटिक भरणीचं जॅकेट घ्यावं असं माझं मत आहे. थोडं जड, पण भिजल्यावरही अगदी पाठ फिरवत नाही.

वाऱ्याबद्दलही एक प्रयोग सांगते, कारण तो माझ्या थर्मामीटरचा थोरला भाऊ वाटतो मला. पॉल सिपल आणि चार्ल्स पासेल या दोघांनी अंटार्क्टिकावर प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगलं आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजत राहिले. १९४५ साली त्यांनी ते छापलं, आणि हवामानाच्या बातम्यांतला विंड चिल, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचा आकडा, तिथून आला. आज वापरात असलेल्या सूत्राने उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे २० च्या आसपास जाणवतं. वारा तापमान कमी करत नाही, अंगाभोवतीची उबदार हवा तेवढी पळवून नेतो. एवढं कळल्यावर कागदासारखं पातळ विंडचीटर माझ्या सॅकमधून कधी बाहेर राहिलं नाही.

हातांवर मात्र मला जरा थांबायचंय. खिंडीतलं ते बक्कल माझ्या डोक्यातून गेलं नाही.

पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा चार बोटं एकत्र राहणारा मोजा, ज्याला मिटन म्हणतात, जास्त उबदार, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. पण मिटन घालून काहीच करता येत नाही. म्हणून आत पातळ मोजे, वर मिटन, आणि मिटनला मनगटात अडकवायची दोरी, लहान मुलांच्या मोज्यांना गळ्यातून ओवलेली नाडी असते तशी. वाऱ्यात एक मोजा उडून गेला तर तो ट्रेक तिथे संपला. सॅकमध्ये कोरडा जोड जास्तीचा ठेवावाच.

आणि घरी बसून तालीम करावी. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मी त्या बक्कलमुळे शिकले. दुसऱ्या ट्रेकआधी मी पंधरा दिवस रोज रात्री दिवा बंद करून, मिटन घालून, सॅकची सगळी बक्कलं उघडायची आणि लावायची. जॅकेटच्या चेनची जीभ मिटनमध्ये सापडेना, म्हणून प्रत्येक चेनला जाड दोरीचा बोटभर फास बांधला. तंबूच्या काठ्या मिटन घालून ओवून बघितल्या. दोन वेळा चुकल्या, तिसऱ्यांदा नीट बसल्या. हेडटॉर्चचं बटण मिटनमधून दाबलं जाईना, तो टॉर्च बदलून मोठ्या बटणाचा घेतला. बुटाची नाडी, बाटलीचं झाकण, स्टोव्हची किल्ली, लायटर. लायटरने तर अंगठा पार दमवला, तेव्हापासून काडेपेटीही प्लास्टिकच्या पिशवीत बांधून बरोबर असते. सामान विकत घेऊन झालं की तयारी झाली असं वाटतं, पण ते हाताच्या ओळखीचं व्हावं लागतं. दुकानातल्या उजेडात, उबदार बोटांनी सगळंच उघडतं.

पायांचं थोडक्यात सांगते. बुटात दोन मोजे घातले की दुप्पट ऊब, हे खरं नाही. बूट नेहमीच्या मापाचा असेल तर दुसरा मोजा पाय आवळतो, रक्त नीट पोचत नाही, आणि बोटं आधीपेक्षा लवकर बधिर होतात. ज्या जाड मोज्याने चालायचंय तोच घालून, संध्याकाळी, पाय जरा फुगलेले असताना बूट बघावेत. बोटं आत हलली पाहिजेत. बर्फ बुटात शिरू नये म्हणून पोटऱ्यांवर गेटर्स, म्हणजे बुटाच्या तोंडावरून चढवायची कापडी आवरणं. रात्री झोपायचे मोजे वेगळे, ते दिवसा सॅकमधून बाहेर काढायचेच नाहीत, कितीही मोह झाला तरी.

रात्र आली की नवखा माणूस स्लीपिंग बॅगचा विचार करतो, खालच्या मॅटचा नाही. मीही नव्हता केला. बॅगेची खालची बाजू आपल्या वजनाने दबते, पिसांमधली हवा जाते, आणि मग आपण आणि बर्फ यांच्यामध्ये जवळपास कापडच उरतं. खालून ऊब अडवायचं काम मॅटचं. तिची ताकद आर-व्हॅल्यूत मोजतात, आणि छान गोष्ट ही की दोन मॅट एकावर एक घातल्या तर आकड्यांची सरळ बेरीज होते. साध्या फोमच्या घडीच्या मॅटची आर-व्हॅल्यू २ च्या आसपास असते, तिच्यावर ३.५ ची हवेची मॅट टाकली की ५.५. बर्फावर झोपायला ५ च्या पुढे असावं, असं जाणकार सांगतात. हवेची एकटीच मॅट घेतली आणि रात्री तिला भोक पडलं तर काय, या विचारानेही मला फोमची मॅट खाली लागते. दिवसा थांबल्यावर बूड टेकायलाही तीच.

बॅगेवर छापलेला आकडाही नीट वाचायला हवा. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे बॅगेला कम्फर्ट, लोअर लिमिट आणि एक्स्ट्रीम असे आकडे असतात. कम्फर्ट म्हणजे सरासरी बांध्याची बाई ज्या तापमानात निवांत झोपू शकेल ते. लोअर लिमिट सरासरी पुरुषाचं, तेही अंग मुडपून. एक्स्ट्रीम हा झोपेचा आकडाच नाही. तिथे हायपोथर्मियाचा धोका धरून जीव तगण्याची गोष्ट आहे. बॅगेच्या नावात कित्येकदा लोअर लिमिट किंवा त्याहून खालचा आकडा मिरवत असतो. आपण कम्फर्टच बघायचा, आणि जिथे जातोय तिथल्या सर्वांत गार रात्रीहून पाच अंश तरी खालचा. ही सगळी मापं आतून तापवलेल्या पुतळ्यावर, खाली मॅट टाकून घेतलेली असतात, हेही लक्षात असू द्यावं.

झोपताना उकळतं पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून, बाटली मोज्यात घालून मांड्यांमध्ये ठेवायची. झोपण्याआधी मूठभर सुकामेवा, शेंगदाणे, चॉकलेट, जे जाईल ते खायचं. पोटात काही असेल तर अंग रात्रभर ऊब तयार करत राहतं. बॅगेत आपल्याबरोबर आणखीही पाहुणे झोपतात: फोन, टॉर्चच्या बॅटऱ्या, दुसऱ्या दिवशीचे मोजे आणि पाण्याचा फिल्टर. फिल्टरचं तर विसरूच नये. त्याच्या आत बारीक पोकळ तंतू असतात. ओला फिल्टर गोठला की ते फाटतात, आणि फाटलेले बाहेरून दिसत नाहीत. तोंड बॅगेबाहेर ठेवून श्वास घ्यायचा. आत घेतला तर वाफ पिसांत मुरते. तंबूची हवेची झडपही उघडी राहू द्यावी, नाहीतर सकाळी छतावरचं हिम तोंडावर झडतं.

स्टोव्ह तंबूच्या आत कधीही पेटवू नये. जळताना निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि थंडीने बेजार झालेल्या माणसाला "दोनच मिनिटं" असं वाटतंच.

स्टोव्हने पहिल्या ट्रेकला आम्हाला आणखी एक धडा दिला. रात्री चांगला जळलेला गॅस सकाळी नुसता फुरफुरला. सिलेंडर हलवला तर आत द्रव खळखळत होता. ताईंनी तो काढून स्वतःच्या जॅकेटमध्ये पोटाशी धरला आणि दहा मिनिटांनी पुन्हा लावला. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, त्याखाली तो द्रवच राहतो. आयसोब्यूटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२ ला. म्हणून हिवाळ्यासाठी आयसोब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रण घ्यायचं. त्यातला प्रोपेन आधी संपतो, म्हणून अर्धवट वापरलेला जुना सिलेंडर गारठ्यात जास्त रुसतो. आणि गॅस उन्हाळ्याच्या हिशेबाने न्यायचा नाही. एक किलो बर्फ नुसता वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. तेवढ्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. म्हणजे प्रत्येक लिटर पाणी जवळपास दोनदा तापवल्यासारखं. पातेल्यात आधी थोडं पाणी ठेवूनच बर्फ घालायचा, नाहीतर पातेलं करपतं आणि पाण्याला जळका वास येतो. भरलेली बाटली सॅकमध्ये उलटी ठेवायची. बर्फ वरून धरतो, त्यामुळे सरळ केल्यावर तोंड मोकळं मिळतं. नळीने प्यायच्या पिशव्या मात्र घरीच ठेवाव्यात, नळी पहिली गोठते.

बर्फावर चालायच्या साधनांचं मोजकंच. दाबलेल्या, निसरड्या वाटेला बुटावर ओढायचे मायक्रोस्पाइक्स, म्हणजे तळाशी बारीक दाते असलेल्या साखळ्या, पुरतात. ज्या उतारावर क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लांब धातूचे दाते) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फाची कुदळ) लागतात तिथे शिकल्याशिवाय जाऊच नये. घसरल्यावर अ‍ॅक्सने स्वतःला थांबवणं वाचून येत नाही. ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक, आणि वाट सपाटीची असली तरी डोक्यावर तसा उतार आहे का हे बघायचं असतं. पहिला हिवाळा मंद उताराच्या, ओळखीच्या, उन्हाळ्यात चालून झालेल्या वाटेवर काढावा. काळा चष्मा ढगाळ दिवशीही घ्यावा. ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि डोळे संध्याकाळी जळायला लागतात, तोवर उशीर झालेला असतो. महाग वस्तू आधी उसन्या किंवा भाड्याने घ्याव्यात. माझी पहिली चांगली मॅट उसनीच होती, आणि ती परत करतानाच मला कळलं की मला नेमकी कोणती हवी.

दुसऱ्या वर्षी त्याच वाटेला गेलो. ताई होत्या. पहाटे तंबू आवरला. चेनच्या फासात मिटनमधलं बोट घालून सॅक उघडली, डाऊन जॅकेट उतरवून वरच्या तोंडाशी ठेवलं, बक्कल लावलं. टक् असा आवाज आला. पातळ लोकर आणि फ्लीस, अंगात एवढंच. खांदे आपोआप वर आले, हनुवटी थरथरायला लागली. ताई टॉर्चचा उजेड माझ्या पायाशी धरून उभ्या होत्या.

"काकडतेयस?"

"हो ताई."

"मग चल, निघू या."